नेलेलं मूत्रपिंड परत आणलं

धारवाडला जाणारे लोक येताना पेढे आणतात. मी जाताना एक मूत्रपिंड घेऊन गेले होते, धाकट्या बहिणीला द्यायला. ते तसंच परत घेऊन आले. पेढेही आणले, ते गल्लीत वाटले. ते खाता खाता प्रत्येकीने विचारलं, काय झालं, कसं झालं, का नाही झालं. सांगून सांगून मी कंटाळले. म्हणून आता एकदाच लिहून काढते. धारवाड न बघितलेल्यांना त्यात थोडं धारवाड सापडेल, आणि ज्यांना स्वतःच्या पोटात काय आहे याचा पत्ता नाही त्यांना तेही सापडेल.

माझी शाळा चौथीपर्यंत. इचलकरंजीत सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर मी तीस वर्षं काढली. बहीण सुमन माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तिला धारवाडला दिली. तिचा नवरा हायस्कुलात गणिताचा मास्तर, आता निवृत्त. त्यांची सगळी वस्ती, मळमड्डी, त्यांना अण्णा म्हणते, म्हणून मीही म्हणते.

दोन हजार चार सालच्या दिवाळीनंतर अण्णांचा फोन आला. सुमीची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा हुबळीला जाऊन मशीनवर रक्त धुऊन आणायचं, त्यावर ती चालली होती. कुणी एक मूत्रपिंड दिलं तर ते सुटणार होतं. अण्णांना साखर, म्हणून त्यांचं चालत नव्हतं. नवनगरला दिलेल्या त्यांच्या मुलीचा रक्तगट जुळला नाही. सुमीचा आणि माझा एकच होता. माझी गर्भाची पिशवी काढली तेव्हाच्या कागदावर तो लिहिलेला होता. मी म्हटलं, येते. माझा मुलगा नको म्हणाला. त्याला म्हटलं, तुझं मागत नाहीये.

अण्णा फोन ठेवताना म्हणाले, "अक्का, शाळेचा दाखला तेवढा घेऊन या." तो कशाला ते मला तेव्हा कळलं नाही.

मळमड्डी

मिरजेहून गाडीत बसलं की धारवाड दुपारी येतं. मळमड्डी स्टेशनाला लागूनच आहे. पिशवी हातात घेऊन चालत घरी पोचता येतं. घरं बैठी, पुढे थोडी बाग, फाटकावर मालकाच्या नावाखाली त्याची डिग्री. आमच्याकडे गल्लीत शिरलं की मागांचा खडखडाट कानात बसतो. इथे दुपारी दोन वाजता एका स्कूटरचा आवाज आला आणि तीन घरांतून लोक बघायला बाहेर आले. निवृत्त मास्तरांचं गाव. रस्त्यात भेटलेला माणूस आधी "ऊट आय्तेन्री?" म्हणजे जेवण झालं का, ते विचारतो आणि मग कामाचं बोलतो.

सुमीला चार वर्षांनी बघत होते. तोंड सुजलेलं, रंग काळवंडलेला, हाताची कातडी कोरडी. पण बोलणं तेच.

"येऊन पोचलीस की. मी म्हटलो, ही बाई घाबरून घरात बसते काय की."

तिकडच्या बायका "मी येतो, मी जातो" असं बोलतात. सुमीला तिथे जाऊन चाळीस वर्षं होत आली, तिचंही तसंच झालंय. पहिल्या दिवशी मला खटकतं, दुसऱ्या दिवशी मी विसरते.

जेवायला ज्वारीच्या भाकऱ्या होत्या, पण आमच्यासारख्या नव्हेत. पापडासारख्या पातळ आणि कडक, आठ-आठ दिवस टिकणाऱ्या, त्यांची चळतच्या चळत डब्यात ठेवलेली. सोबत भरल्या वांग्याची भाजी, शेंगाची चटणी, दही. मी चार खाल्ल्या. सुमीचं ताट वेगळं. तिची भाजी आधी उकडायची, ते पाणी फेकायचं, मग बिनमिठाची करायची. माझी भाजीही तीच करत होती, चव न बघता, अंदाजाने.

"मीठ बरोबर हाय काय बघ," ती म्हणाली. "मला आता कळत नाही."

जास्त होतं. मी म्हटलं, जास्त आहे. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, बहुतेक त्यांनी सहा महिने बरोबरच म्हटलं असणार.

तिच्या बाजूला एक प्लास्टिकची बाटली होती, त्यावर अण्णांनी पेनाने तीन रेघा मारलेल्या. दिवसाला तीन ग्लास पाणी. चहा, ताक, आमटी त्यातच धरायचं. मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकत नाहीत, मग प्यायलेलं अंगातच साठतं, छातीत चढतं. तिला घोट घेताना बघितलं. चिमणी पिते तसं. त्यानंतर मला तिच्यासमोर पाणी पिववेना. मी मोरीत जाऊन प्यायची आणि भांडं पालथं घालून बाहेर यायची.

"माझं मिळाल्यावर पहिल्यांदा काय करशील?" मी विचारलं.

"तांब्याभर पाणी पितो. गार. उभ्याने. मधी थांबत नाही."

एवढंच मागणं होतं तिचं.

दाखला

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी माझा दाखला मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि सुमीच्या दाखल्याशेजारी टेबलावर ठेवला. दोन्हींवर जन्मतारीख एकच. एक जून, सालही तेच.

याचं कारण साधं आहे. सुमी झाली तेव्हा मी पाच वर्षांची होते. तिला सांभाळायला घरी कुणीतरी पाहिजे म्हणून मला शाळेत घातलं नाही. ती पाच वर्षांची झाल्यावर वडिलांनी दोघींना एकाच दिवशी शाळेत नेलं. जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती. त्या काळी मास्तर सगळ्यांना एक जून द्यायचे, कारण जूनमध्ये शाळा सुरू व्हायची. मी अंगाने किरकोळ होते. मास्तरांनी दोघींकडे एकदा बघितलं आणि दोघींना सहा वर्षांच्या करून टाकलं. कागदावर आम्ही जुळ्या आहोत. जुळ्या बहिणीचा जन्म डोळ्यांनी बघितलेली बाई मी एकटीच असेन.

अण्णा म्हणाले, "कागदावर तुम्ही एकोणसाठ, अक्का."

"खरी त्रेसष्ट."

"ऑपरेशन बेंगळूरला होणार, तपासणी हुबळीला. बेंगळूरवाले साठच्या पुढच्याचं घेत नाहीत. एक जूनला कागदावरही साठ होणार, म्हणून मी घाई केली. तुम्ही काही बोलू नका. कागद बोलतो की."

हा माणूस पस्तीस वर्षं पोरांच्या वह्यांत एका आकड्याची चूक सोडत नव्हता. पेपर तपासायला बसला की घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. तो माझ्याकडे न बघता टेबलाच्या कडेवरची धूळ बोटाने पुसत होता.

"तू काय म्हणतेस?" मी सुमीला विचारलं.

ती चूल पुसत होती. म्हणाली, "मी काय म्हणतो? तू मोठी आहेस."

म्हणजे तिलाही पाहिजे होतं. मी गप्प बसायचं कबूल केलं. खोटं बोलायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. मला तेच जास्त अवघड.

हुबळी

धारवाडहून हुबळीला बस सारखी असते. मधे नवनगर लागतं, आखून वसवलेलं, सरळ रस्ते आणि लांब लांब घरं. पुढे उणकलचं तळं लागतं. हुबळी आलं की धारवाडची शांतता संपते. बाजार, हमाल, ट्रक, सुक्या मिरचीच्या पोत्यांचा वास. मला हुबळी आवडलं. इचलकरंजीसारखं कामाचं गाव आहे. तिथल्या मिरची-भज्यांबरोबर गिरमिट मिळतं, मसाला लावलेले कुरमुरे. आमच्या भडंगापेक्षा ओलं, आमच्या भेळीपेक्षा सुकं. दोन पुड्या खाल्ल्या.

मशीनच्या हॉलमध्ये आठ खाटा. सुमीच्या हातात दोन जाड सुया घालतात. एका नळीतून रक्त बाहेर जातं, काचेच्या कांडीसारख्या एका नळकांड्यातून फिरून दुसऱ्या नळीने आत येतं. चार तास. शेजारच्या खाटेवर भांड्यांच्या दुकानाचे शेटजी होते, आजोबा निपाणीहून आलेले, घरात अजून मराठी. त्यांनी मला बघून सुमीला विचारलं, "ह्याच काय त्या देणाऱ्या?"

"ह्याच," सुमी म्हणाली.

"नशीब काढलंत. माझे तीन भाऊ. मी आजारी पडल्यापासून तिघांनाही कंबरदुखी सुरू झाली."

डॉक्टरीणबाई चाळिशीची, कन्नड घरातली, पण मराठी चांगलं बोलत होती. अण्णांनी दाखला पुढे केला. तिने तो वाचला, मग माझ्याकडे बघितलं.

"वय एकोणसाठ?"

"होय," अण्णा म्हणाले.

मी भिंतीवरच्या चित्राकडे बघत बसले. घेवड्याच्या दोन मोठ्या बिया उभ्या चिरून टांगल्यासारखं मूत्रपिंडांचं चित्र होतं.

"बरं अज्जी," ती मला म्हणाली, "रक्त देऊन जा, सोनोग्राफी करा, आणि एक पूर्ण दिवसाची लघवी साठवून आणा."

कागदावर एकोणसाठ असलेल्या बाईला ती अज्जी, म्हणजे आजी, म्हणाली. मला तिथेच कळायला पाहिजे होतं.

सुमीचं मशीन सुटेपर्यंत अण्णा आणि मी गोकुळ रोडवर फिरलो. दोन्ही बाजूंना वर्कशॉप. लोखंड कापल्याचा वास, तेलाने काळी झालेली जमीन. एका दारात एक जुनं लेथ मशीन उघडून ठेवलं होतं आणि एक मिस्त्री त्याचे झिजलेले दाते बोटाने चाचपत होता. मी थांबून बघत राहिले.

अण्णा म्हणाले, "अक्का, माझ्याविषयी वाईट वाटून घेऊ नका."

"वाईट वाटून घेण्याइतका वेळ नाही," मी म्हटलं. "पण लघवी साठवायचं हे पाच लिटरचं कॅन उचलणार कोण? तुम्ही."

कॅन

ते कॅन दवाखान्यातून मिळालं होतं. रीत अशी, की सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतरची दिवसरात्रीची सगळी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची पहिलीही धरून. एक वेळ चुकली तरी हिशेब फसतो. मी दिवसभर घराबाहेर पडले नाही. अण्णांनी त्यावर चिठ्ठी चिकटवली, वळणदार अक्षरात माझं नाव आणि खाली "वय ५९". लघवीवरही माझं वय खोटं लिहिलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

दुसऱ्या दिवशी कॅन घेऊन बसमध्ये चढलो. बस भरलेली. अण्णांनी ते दोन पायांत धरलं होतं, पण ब्रेक लागला की ते घसरायचं. शेवटी मी ते मांडीवर घेतलं. कंडक्टर आला. कॅनकडे बोट करून म्हणाला, "एनैती इदराग?" यात काय आहे, असं. तेल असेल तर सांडेल, वर ठेवायचं नाही, खाली ठेवा, असं काहीतरी त्याचं चाललं होतं.

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "औषध आहे."

"औषध नाही," मी म्हटलं. "मूत आहे. माझं."

कंडक्टरला मराठी येत होतं. त्या बसमध्ये सगळ्यांनाच येत होतं. शेजारची बाई पदर नाकाला लावून उठली, तिच्या जागी मी कॅन ठेवलं आणि हुबळीपर्यंत आरामात गेले. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. उतरल्यावर म्हणाले, "अक्का, तुम्हाला गप्प बसायला सांगितलं ते फक्त वयापुरतं, हे मला कळायला पाहिजे होतं."

तो माणूस चार दिवसांत पहिल्यांदा हसला.

निकाल

दोन दिवसांनी सुमीच्या मशीनच्या वेळीच निकाल मिळाला. सुमी हॉलमध्ये, आम्ही दोघं डॉक्टरीणबाईसमोर. तिच्यापुढे माझे तीन-चार कागद होते. ती ते उलटसुलट करून बघत होती.

"अज्जी, लघवी पूर्ण साठवली होती काय?"

"थेंब न् थेंब. बसमध्येसुद्धा सांडू दिली नाही."

"मग हे मला कळत नाही. एकोणसाठच्या मानाने तुमची मूत्रपिंडं फार थकलेली दिसतात. आकारही थोडा लहान झालाय. आत काहीतरी दडलेला रोग असणार. सुई घालून तुकडा काढून बघायला लागेल."

मी अण्णांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते. मला सुईची भीती नाही. पण नसलेला रोग शोधायला ती बाई माझ्या पाठीत सुई घालणार, आणि तिने शिकलेलं सगळं एका खोट्या आकड्यावर बसवणार, हे मला बघवेना.

"सुई राहू दे," मी म्हटलं. "मी त्रेसष्टची आहे. शाळेत मास्तरांनी धाकटीचीच तारीख मला लावली."

अण्णांनी मान खाली घातली. आमच्या या मास्तरांना असं उभं राहिलेलं मी कधी बघितलं नव्हतं. डॉक्टरीणबाई रागावली नाही. तिने पेन खाली ठेवलं.

"मला पहिल्या दिवशीच शंका आली होती. तुमच्या वयाचे अर्धे लोक एक जूनला जन्मलेले असतात. पण सर, तुम्ही उगीच हे केलं. त्रेसष्टच्या बाईचं मूत्रपिंड चांगलं असतं तर मी बेंगळूरला फोन करून भांडले असते. इथे वयाचा प्रश्नच नाही. त्रेसष्टच्या मानानेही हे थकलेलं आहे."

मग तिने प्रश्न विचारले. गोळ्या कुठल्या घेता? मी सांगितलं, डोकं दुखलं की एक, कंबर दुखली की एक. रोज? कामावर होते तोवर रोज, आता एक दिवसाआड. किती वर्षं? आठवत नाही. दुकानातून घेते, तिथे चिठ्ठी मागत नाहीत. आणि पाणी?

"कामाच्या जागी बायकांना जायला जागा नव्हती," मी सांगितलं. "गड्यांना भिंत होती. सकाळी अर्धा कप चहा घेऊन जायचं, संध्याकाळी घरी येऊन पाणी प्यायचं. सगळ्या तेच करायच्या. तहान लागायची ती सवयीने बंद झाली. डोकं दुखायचं, मग गोळी."

तिने ते सगळं लिहून घेतलं. मग मला समजेल असं सांगितलं. ते मी इथे जसं कळलं तसं लिहिते.

आपलं अंग बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. जुनी झिजली की शेजारची फुटून नवी होते आणि जागा भरते. पण पेशीला हे ठरावीक वेळाच जमतं. त्यानंतर ती म्हातारी होते, फुटायची थांबते. आणि मार बसत राहिला, गोळ्यांचा, कोरड्या अंगाचा, रक्तदाबाचा, तर ती वेळेआधीच म्हातारी होते. काही म्हाताऱ्या पेशी मरून जातात, त्यांचं ठीक. काही मरतही नाहीत आणि कामही करत नाहीत. जागा अडवून बसतात आणि अंगातून असं काही सोडतात की शेजारच्या चांगल्या पेशीही बिघडतात. मूत्रपिंडात असं झालं की गाळणी हळूहळू सुकत जाते. वरून काही कळत नाही.

मी म्हटलं, "आमच्याकडे एक मशीन होतं. त्याची एक चाती, कांडी फिरवणारी दांडी, ढिली झाली होती. बंद पडत नव्हती आणि कांडीही धड भरत नव्हती. वर फिरता फिरता तेल उडवायची, आजूबाजूच्या चांगल्या कांड्यांवर डाग. बंद पडली असती तर बरं झालं असतं."

"अगदी तेच," ती म्हणाली.

"मग आम्ही मिस्त्रीला बोलावून ती चाती काढून टाकली."

"तेच शोधायला लोक लागलेत. पण अज्जी, पेशींचा मिस्त्री अजून जन्माला यायचाय."

मी विचारलं, हेच जुनं सुमीला बसवलं तर? तिच्या अंगात गेल्यावर सुधारणार नाही का? ती म्हणाली, जागा बदलली म्हणून पेशी तरुण होत नाही. उलट काढताना आणि बसवताना तिला धक्का बसतो, ती आणखी थकते. थोडे दिवस चालेल, मग बंद पडेल. आणि इकडे माझं उरलेलं एकटं मला पुरणार नाही. "आज एक पेशंट आहे. मग दोन होतील. शेजारशेजारच्या खाटांवर."

म्हणजे मला तीन वयं निघाली. कागदावर एकोणसाठ, खरी त्रेसष्ट, आणि मूत्रपिंडाचं विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाली, सत्तरी उलटलेल्याचं असतं तसं. अण्णांनी पहिल्यावर भरवसा ठेवला, मी दुसऱ्यावर. तिसरं कुणाला माहीतच नव्हतं.

सुमीला सांगायला मी एकटी गेले. अजून तासभर बाकी होता, रक्त नळीतून फिरत होतं. शेटजी डोळे मिटून पडले होते, पण झोपलेले नव्हते.

"नाही जमत," मी म्हटलं. "माझं खराब आहे."

तिने डोळे मिटले. मशीनचं गुरगुरणं चालू होतं. मग विचारलं, "कशाने?"

"गोळ्यांनी. आणि पाणी न पिण्याने."

"गोळ्या कुणी दिल्या तुला?"

"कुणी नाही. दुकानातून आणायची."

"मूर्ख हाईस," ती म्हणाली. सुया टोचलेला हात हलवता येत नव्हता, म्हणून दुसऱ्या हाताने तिने माझं मनगट धरलं, जोरात. "तुला पाणी प्यायला कोण नको म्हटलं होतं? मला म्हटलं तर म्हटलं. तुला कोण म्हटलं?"

शेटजींनी डोळे न उघडता पलीकडे तोंड फिरवलं.

पाण्याचा दिवस

धारवाडला नळाला पाणी रोज येत नाही. तेव्हा आठवड्यातून एकदा यायचं, कधी त्याहून उशिरा. आमच्याकडे एक दिवस नळ चुकला तर मोर्चा निघतो. तिकडे कुणी बोलत नाही, टाक्या बांधतात. पाणी यायच्या दिवशी सगळी मळमड्डी जागेवर असते. लग्नाला जायचं असलं तरी घरातलं एक माणूस मागे राहतं.

हुबळीहून आल्याच्या दुसऱ्या सकाळी "नीरु बंतु" अशी हाक गल्लीच्या टोकापासून आली, म्हणजे पाणी आलं. अण्णा पाइप लावायला धावले. हौद, दोन पिंपं, बादल्या, घागरी, पातेली, शेवटी चहाची किटलीसुद्धा. सुमीला वजन उचलायला बंदी, पण ती बसून राहीना. कुठलं भांडं कुठे ते तीच सांगत होती. पायावर पाणी उडत होतं, पदर भिजला होता.

सगळं भरून झाल्यावर तिने पिण्याच्या घागरीतून तांब्या भरला. मला वाटलं, आता ही पिते. अण्णाही पाइप धरून थांबले.

तिने तांब्या माझ्यापुढे धरला.

"पी."

"मला तहान नाही."

"तहान नसतेच तुला, तेच तर सांगितलंस की त्या डॉक्टरीणबाईला. पी. इथे, माझ्यासमोर. मोरीत जाऊन पितेस ते मला माहीत हाय. भांडं पालथं घालतेस ते ओलं असतं."

मी उभ्याने प्यायले. मधे थांबले नाही. ती बघत होती. माझा घसा हलत होता तसा तिचाही हलत होता. रिकामा तांब्या तिने माझ्या हातातून घेतला आणि उपडा करून बघितला.

"आता रोज दहा ग्लास. गोळी नाही. मी विचारणार."

डॉक्टरीणबाईनेही तेच सांगितलं होतं, फक्त बारा-पंधरा वाक्यांत.

परत

दोन दिवसांनी निघाले. अण्णा स्टेशनावर पेढ्यांचे दोन बॉक्स घेऊन आले. गाडी येईपर्यंत बाकावर बसलो. म्हणाले, "मी दवाखान्यात जाऊन त्या बाईंची माफी मागितली."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, पुढच्या वेळी गणित सोडवायच्या आधी आकडे तपासून घ्या, सर."

सुमीचं आता तसंच चाललं आहे. आठवड्यातून दोनदा हुबळी. तिचं नाव बेंगळूरच्या यादीत घातलंय, नात्याबाहेरच्या, अपघातात गेलेल्या कुणाचं तरी मिळण्याची ती यादी. शेटजी तिच्या आधी आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाली, लोक मशीनवर वर्षानुवर्षं राहतात, पण पाणी सांभाळायला पाहिजे.

मी गोळी बंद केली. पहिले पंधरा दिवस डोकं फार दुखलं, मग कमी झालं. आमच्या खात्यात, म्हणजे कांड्यांच्या कारखान्यात, अजून सहा बायका आहेत. त्यांना मी जाऊन सांगितलं. मालकालाही सांगितलं की बायकांना आडोशाची भिंत बांध. तो म्हणाला, बघू. दर सोमवारी जाऊन विचारते. परवा विटा येऊन पडल्या आहेत.

सुमी संध्याकाळी सातला फोन करते. बोलणं लांबत नाही. मी किती ग्लास प्यायले ते मी सांगायचं, ती किती प्यायली ते तिने. माझा आकडा कमी निघाला की ती ओरडते, तिचा जास्त निघाला की मी. खोटं सांगायचं नाही, एवढी एकच अट मी घातली आहे.

एक जूनलाही फोन आला.

"साठ झालो की आपण," ती म्हणाली.

"झालो. किती प्यायलीस?"

"अडीच. अर्धा ठेवलाय जेवताना. तू?"

"नऊ."

"एक राहिला," ती म्हणाली. "फोन ठेवू नको. आण आणि पी. मी ऐकतो."

मी भांडं आणलं, फोन कानाला धरून प्यायले. ती पलीकडे ऐकत होती. भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाल्यावर मगच तिने फोन ठेवला.